पगार : एका क्रियापदाची कुळकथा

पोर्तुगीज भाषेने मराठीला दिलेल्या शब्दांची यादी आपल्या वाचकांना नवी नाही. पाव, काजू, अननस, चावी, बादली, तुरुंग, पाद्री, नाताळ हे शब्द उच्चारताना ते परके आहेत याचे भानही आता कुणाला राहत नाही. या यादीकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. हे बहुतेक सारे शब्द वस्तूंची, व्यक्तींची किंवा सणांची नावे आहेत. गलबतातून जी वस्तू उतरली तिच्याबरोबर तिचे नावही उतरले. क्रियापदे मात्र सहसा असा प्रवास करीत नाहीत. देणे, घेणे, खाणे, बोलणे यांसाठी प्रत्येक भाषेजवळ आपले शब्द असतातच. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतील सर्वांत ठळक अपवाद म्हणजे आपला नित्याचा 'पगार' हा शब्द होय.

पोर्तुगीज भाषेत 'पागार' हे नाम नाही, ते क्रियापद आहे. पैसे देणे, देणे चुकते करणे असा त्याचा अर्थ. महिन्याच्या वेतनाला पोर्तुगीज माणूस 'सालारियु' म्हणतो, 'ओर्देनादु' म्हणतो; 'पागार' म्हणत नाही. इंग्रजीत याच अर्थाचे क्रियापद 'पे' हे आहे. ही दोन क्रियापदे एकाच आईची लेकरे आहेत, आणि त्या आईचे नाव कळले की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपण हातात घेतो किंवा दुसऱ्याच्या हातावर ठेवतो त्या रकमेकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. या शब्दाची कुळकथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे ते त्यासाठीच.

आम्ही हे लिहितो ते गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इटियाडोहच्या परिसरात बसून. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर बांधलेले हे मातीचे धरण १९७० च्या सुमारास पुरे झाले. त्याचे पाणी कालव्यांनी या तालुक्यातील आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत जाते. हा झाडीपट्टीचा मुलूख. येथून अरबी समुद्र शेकडो मैल दूर. पोर्तुगीजांचे पाऊल येथे कधी पडले नाही. गोंड राजे, नागपूरकर भोसले आणि नंतर इंग्रज एवढेच येथील राज्यकर्ते. असे असूनही या भागात धरणाच्या, कालव्याच्या किंवा रस्त्याच्या कामावर जाऊन उभे राहावे आणि कान देऊन ऐकावे. माती वाहायला 'घमेले', काम पाहायला 'मेस्त्री' आणि महिन्याअखेर त्याला मिळणारा 'पगार'. 'गामेला' म्हणजे लाकडी परात, 'मेस्त्र' म्हणजे कारागिरांतला जाणता आणि 'पागार' म्हणजे देणे चुकवणे. एका कामावरचे तीन शब्द, आणि तिन्ही पोर्तुगीज!

हे शब्द मराठीत शिरले ते कोकणपट्टीवर. १५१० मध्ये गोवा, १५३४ च्या तहाने वसई व तिचा प्रदेश, १५५९ मध्ये दमण असा पोर्तुगीज सत्तेचा विस्तार झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तोवर उत्तर कोकणात ही सत्ता दोनशे वर्षे नांदली होती. किल्ले, मंदिरे, मठ, गोद्या अशी मोठी बांधकामे या काळात झाली. त्यांवर राबणाऱ्या मराठी आणि कोकणी माणसाच्या कानांवर मुकादमाचे जे पोर्तुगीज शब्द वारंवार पडत असतील, त्यांत 'पागार' हा शब्द निश्चितच असणार. परकी भाषा कानाने शिकणारा माणूस क्रियापदाची रूपे चालवत बसत नाही. तो त्याचे मूळ रूप उचलतो आणि त्याला नाम समजून त्यापुढे आपले 'करणे', 'देणे', 'होणे' जोडतो. हेच येथे घडले.

याचा पुरावा आपल्या कॅथलिक परंपरेतच आहे. गोव्याच्या कोकणीत पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्याला 'कुमगार'. हे दोन्ही शब्द 'कोंफेसार' आणि 'कोमुंगार' या पोर्तुगीज क्रियापदांचीच मूळ रूपे आहेत. कोकणी जिभेवर ती नामे झाली. 'पागार' याच घडणीचा. वेदीजवळ शिकलेले दोन आणि कामावर शिकलेला एक, असे हे तीन सख्खे भाऊ म्हणावयास हरकत नाही. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा शास्त्रशुद्ध संग्रह करणारे थोर कोशकार सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु (१८५५–१९२२) हे गोव्याच्या आसगावचे सुपुत्र आणि स्वतः धर्मगुरू होते. त्यांचा तो ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३६ मध्ये बडोद्याहून त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. भाषेचा अभ्यास हीही एक सेवा आहे, हे या धर्मगुरूंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले.

मात्र शब्द देणारे स्वतः तो शब्द पाळीत होते असे नव्हे. पोर्तुगीज हिंदुस्थानातील साध्या शिपायांचे वेतन वारंवार थकत असे. गोव्यात आयुष्य घालवलेला इतिहासकार दियोगु दु कोतु (१५४२–१६१६) याने आपल्या लेखनात येथील अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर कोरडे ओढले आहेत. थकलेल्या वेतनाचे हक्क गरजू शिपाई मातीमोल किमतीला विकत आणि ते विकत घेणारे वजनदार लोक खजिन्यातून पुरी रक्कम वसूल करीत, हा त्या भ्रष्टाचाराचाच एक प्रकार. क्रियापद होते, क्रिया नव्हती!

आपल्या बाजूलाही चित्र फारसे वेगळे नव्हते. गावगाड्यात कारागिराला रोख रक्कम नव्हे तर पीक आल्यावर बलुते मिळे. झाडीपट्टीत तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांना त्या तलावाखालची जमीन मिळाल्याच्या हकिकती परंपरेने सांगितल्या जातात. नवेगावबांधसारखे तलाव या परंपरेची साक्ष देतात. दरबारी आणि लष्करी चाकरीसाठी वेतन, मुशाहिरा, तनखा, दरमहा, रोजमुरा असे अनेक शब्द होते. शब्द विपुल होते, पण रक्कम वेळेवर पोचेच असे नाही. थकबाकीसाठी फौजेने सरदाराच्या दारात 'धरणे' धरावे ही मराठेशाहीतील नित्याची गोष्ट होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारदी शनिवारवाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराच्या मागणीचे निमित्त करून, आणि त्या दिवशी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. येथे एक गोष्ट सहज सुचते. इटियाडोहचे 'धरण' आणि शिपायांचे 'धरणे' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. धरण वाहते पाणी अडवून धरते. धरणे न वाहणारे देणे अडवून धरते.

एकोणिसाव्या शतकात 'पगार' हा शब्द किनाऱ्यावरून सर्वत्र पसरला. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात त्याची नोंद आहे. गिरणी, आगगाडी, शाळा, कचेरी, म्हणजे जेथे जेथे महिन्याच्या महिन्याला ठरावीक रोख रक्कम मिळू लागली, तेथे तेथे बलुते मागे पडले आणि पगार आला. गुजरातीनेही तो आपलासा केला. पण रक्कम ठरली तरी तारीख ठरली नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर आणखी एक मागणी होती : महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आज ही मागणी किती साधी वाटते! रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. पगाराची मुदत कायद्याने ठरायला मात्र १९३६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वेतन अदायगी कायद्याने लहान आस्थापनांना सातव्या आणि हजार किंवा अधिक कामगार असलेल्यांना दहाव्या दिवसाची मर्यादा घातली. पुढे तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत विलीन करण्यात आला.

आता या क्रियापदाच्या मुळाकडे वळू. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांती. आपल्या उपासनेत लॅटिन चालत होते त्या काळातील ज्येष्ठांना हा शब्द परिचयाचा आहे. त्यावरून 'पाकारे' हे क्रियापद झाले. अर्थ : शांत करणे, समाधान करणे. मध्ययुगात या क्रियापदाचा एक विशेष अर्थ रूढ झाला. ज्याचे देणे आहे त्याचे समाधान करणे, म्हणजेच त्याची रक्कम देऊन टाकणे. याच 'पाकारे'चे पोर्तुगीजमध्ये 'पागार' झाले, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'पे' झाले. इंग्रजीत हे क्रियापद प्रथम आले तेव्हा 'शांत करणे' हा अर्थही त्याच्या अंगी होता. पुढे तो गळून गेला आणि नाणी तेवढी उरली.

पोर्तुगीजमध्ये मात्र त्या जुन्या अर्थाचा माग अजून दिसतो. दिवा मालवणे, आग विझवणे याला पोर्तुगीजमध्ये 'आपागार' म्हणतात. तेही याच मुळाचे. आगीला शांत करणे हा त्याचा आशय. आपल्याकडेही दिवा 'विझला' असे म्हणणे अशुभ मानून घरातील वडीलधारी मंडळी 'दिवा शांत झाला' असे म्हणत. दोन भाषा, पण भाव एकच.

वापराच्या बाबतीत ही दोन भावंडे थोडी वेगळी वाढली. इंग्रजी 'पे' ऐसपैस आहे. इंग्रज माणूस पैसे 'पे' करतो तसे लक्षही 'पे' करतो, भेटही 'पे' करतो, आदरही 'पे' करतो. पोर्तुगीज मनुष्य लक्ष 'उसने देतो' आणि भेट 'करतो'; तेथे 'पागार' चालत नाही. उलट नवस फेडणे याला पोर्तुगीजमध्ये 'पागार'च वापरतात. आणि एक सुंदर प्रयोग असा की, उपकारकर्त्याचे आभार मानताना जुन्या वळणाचा गरीब पोर्तुगीज 'देउश ल्ये पागे' असे म्हणतो. देवच तुमची परतफेड करो, असा त्याचा भाव. फेडण्याची ऐपत नसलेला माणूस आपले देणे देवाच्या वहीत लिहून ठेवतो. गोव्याचे कोकणी 'देव बरें करूं' हे याच जातीचे आहे.

आणि मराठी? 'पे' या एका इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत कितीतरी क्रियापदे वापरावी लागतात. पाणीपट्टी आपण भरतो, किंमत मोजतो, मजुरी देतो, हिशेब चुकता करतो. कर्ज आणि नवस फेडतो, आईबापांचे पांगही फेडतो. 'फेडणे' म्हणजे मुळात सोडणे, उकलणे. देणे हा जणू एक वेढा आहे आणि तो सोडवायचा आहे. 'पाक्स' या लॅटिन शब्दाचे मूळ बांधणे, जोडणे या अर्थाच्या धातूत असून संस्कृत 'पाश' हा शब्द त्याच कुळातला असल्याचे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे सरकारी केंद्रावर धान विकल्यावर मिळणाऱ्या पैशाला 'चुकारा' म्हणतात. 'चुकारे आले का?' हा प्रश्न दिवाळीनंतर येथील प्रत्येक पारावर विचारला जातो, आणि चुकारे लांबले की त्या घरातील लग्न, औषधपाणी, सावकाराचे व्याज सारेच लांबते.

पण लॅटिन 'पाकारे'च्या सर्वांत जवळचे मराठी क्रियापद यांपैकी कोणतेच नाही. ते आहे 'भागवणे'. तहान भागवतात, भूक भागवतात आणि देणेही भागवतात. जे क्रियापद कोरड्या घशाला लागते तेच धनकोच्या हिशेबाला लागते. शांत करणे आणि पैसे देणे यांची लॅटिनने जी सांगड घातली, ती मराठीने लॅटिनला न विचारता घातली आहे. आणि म्हणूनच आपल्या घराघरांत ते वाक्य ऐकू येते : एवढ्या पगारात भागत नाही. पगार आणि भागणे, हे दोन शब्द एकत्र आले की त्या जुन्या क्रियापदाचा अर्थ पुरा होतो. ज्या पगारात भागत नाही तो अजून पुरता पगार झालेला नाही, असा त्या वाक्याचा आशय होय.

हीच सांगड आणखी एका भाषेत आढळते आणि ती आपल्याला विशेष जवळची आहे. हिब्रू 'शालोम' म्हणजे शांती, परिपूर्णता. त्याच धातूपासून 'शिल्लेम' हे क्रियापद झाले आहे. त्याचा अर्थ देणे फेडणे, नुकसान भरून देणे, नवस फेडणे. जुन्या करारातील भक्त देवाला केलेला नवस फेडतो तो याच क्रियापदाने. तेव्हा मोशेचे नियमशास्त्र मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी असे बजावते, त्यात नुसती वक्तशीरपणाची शिकवण नाही. मजूर गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागून राहिलेला आहे, असे कारण तेथे दिले आहे. लागून राहिलेला जीव शांत करणे हे त्या नियमाचे प्रयोजन. संत याकोब तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडत असल्याचे लिहितात. ख्रिस्तसभेच्या पारंपरिक धर्मशिक्षणात ज्या पापांचा आक्रोश स्वर्गापर्यंत पोचतो अशी पापे सांगितली आहेत, त्यांत खुनाच्या पंक्तीला मजुराची मजुरी बुडवणे हे पाप बसवले आहे, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

१५ मे १८९१ रोजी परमगुरू लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे विश्वपत्र काढले. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने रक्कम ठरवली म्हणजे न्याय झाला, हा त्या काळचा पक्का समज होता. परमगुरूंनी तो अमान्य केला. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल इतके वेतन हा कोणत्याही करारापेक्षा जुना, निसर्गसिद्ध हक्क आहे, असे त्यांनी मांडले. १९३१ मध्ये अकरावे पायस यांनी त्यात मजुराच्या कुटुंबाचा निर्वाह स्पष्टपणे घातला. १९८१ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी एखाद्या समाजाची अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही हे पाहण्याची प्रत्यक्ष कसोटी म्हणजे न्याय्य वेतन, असे प्रतिपादन केले. २०२५ मध्ये निवडून आलेले परमगुरू लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचे कारण सांगताना लिओ तेराव्यांच्या त्याच विश्वपत्राचा हवाला दिला. सव्वाशेहून अधिक वर्षे ख्रिस्तसभा जे सांगत आली, ते आपल्या मराठीत तीन शब्दांत मावते : पगारात भागले पाहिजे.

शब्दांच्या निवडीवर पोट कसे अवलंबून असते याचे ताजे उदाहरण आपल्या अंगणवाड्यांत आहे. सेविकांना मिळते त्याला शासन 'मानधन' म्हणते, 'वेतन' म्हणत नाही. मान आणि धन, दोन्ही शब्द मोठे. पण त्या नावामुळे नोकरदाराचे हक्क दूर राहतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येनुसार वेतनच असल्याचे मानले. तरीही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील सेविकांना दीर्घ संप करावा लागला. नाव बदलले म्हणून भूक बदलत नाही.

इटियाडोहच्या आसपासची कित्येक कुटुंबे धानाचा हंगाम संपला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. पंधरा दिवस! लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेली मुदत एकशे एकवीस वर्षांनी खेड्यातल्या मजुरापर्यंत पोचली, तीही कागदावर. मजुरी दीड-दोन महिने रखडली की माणसे गावात थांबत नाहीत. घराला कडी लावून निघतात, आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. पगार वेळेवर न मिळणे म्हणजे शांती न मिळणे, हे त्या लावलेल्या कड्या सांगतात.

हे सारे शासनाला आणि धनवंतांना उद्देशून आहे असे समजून आपण मोकळे होऊ नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई येते, वाडीत गडी येतो, म्हाताऱ्या आईबापांची शुश्रूषा करायला एखादी मुलगी राहते. धर्मग्रामातही मंदिराची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा, धर्मशिक्षण देणारा, दफनभूमीची निगा राखणारा असतो. 'सेवा' हा पवित्र शब्द आहे. पण तो उच्चारून आपण त्यांची रक्कम कमी तर करीत नाही ना? बाई चार दिवस आजारी पडली तर खाडा धरतो का? 'सुटे नाहीत, पुढच्या सोमवारी ने' असे किती वेळा म्हणतो? तिच्या दृष्टीने त्या सोमवारपर्यंतचे दिवस कसे जातात याचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो. पापनिवेदनाच्या वेळी आपण खोटे बोलल्याचे, रागावल्याचे सांगतो. कुणाचा पगार अडवून ठेवल्याचे क्वचितच सांगतो. 'कुमसार' आणि 'पागार' हे भाऊ आहेत, हे येथे आठवावे. जक्कयने प्रभूला घरी घेतले त्याच दिवशी फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर केले. त्याच्या पश्चात्तापाला रकमेचा आकडा होता.

पगाराच्या दिवशी तीन प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावेत अशी आमची नम्र विनंती आहे. देय रक्कम पुरी दिली का? ठरल्या दिवशी दिली का? आणि त्या रकमेत तिच्या घरी भागते का? पहिले दोन प्रश्न कायदाही विचारतो. तिसरा प्रश्न विचारण्यासाठी समोरच्या माणसाच्या घरी कधीतरी जाऊन यावे लागते. तिथे चूल किती वेळा पेटते, औषध कुठून येते, मुलांची फी कोण भरते हे पाहावे लागते. मिस्साबलिदानात आपण शेजाऱ्याचा हात हातात घेऊन एकमेकांना शांती देतो. ती शांती मंदिराच्या पायऱ्या उतरून आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत पोचावी. तेथे उभ्या असलेल्या बाईच्या हाती ती कोणत्या रूपाने द्यायची, हे लॅटिनने, पोर्तुगीजने आणि आपल्या मराठीने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे.